बर्फातल्या प्रवासासाठी गाडीत काय बदलावे?

प्रश्न : माझ्याकडे मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी आहे. येत्या जानेवारीत आम्ही पती-पत्नी आणि एक मित्र पुण्याहून हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, काझापर्यंत जाण्याचा विचार करीत आहोत. त्यासाठी टपावर उघडणारा तंबू, पुढे लोखंडी बंपर, गाडी दोन इंचांनी उंच करणारा लिफ्ट किट आणि मोठे मड टेरेन टायर बसवून घ्यावेत, असा बेत आहे. यांपैकी आधी काय करावे? अटल बोगदा झाल्यामुळे आता हिवाळ्यातही मनालीमार्गे काझाला जाता येते का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मार्गाचे आधी सांगतो, कारण त्यावरच पुढची तयारी ठरते. ऑक्टोबर २०२०मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे हिवाळ्यातही लाहौलमध्ये, म्हणजे सिस्सू-केलाँगपर्यंत जाणे पुष्कळ सोपे झाले आहे. परंतु तिथून काझाला जायचे तर साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडावी लागते आणि ती हिवाळाभर बंद असते. त्यामुळे जानेवारीत आपल्याला शिमला, रामपूर, नाको, ताबो असे किन्नौरमार्गेच जावे लागेल. हा रस्ताही हिमवृष्टीनंतर किंवा दरड कोसळल्यास बंद होतो, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी राखून ठेवावेत.

आता गाडीविषयी. आपण दिलेल्या चार वस्तूंपैकी एकही या प्रवासासाठी आवश्यक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण वजन हे आहे. जिम्नीचे स्वतःचे वजन सुमारे १,२०० किलो आणि भारासह कमाल अनुज्ञेय वजन १,५४५ किलो, म्हणजे माणसे व सामान मिळून सुमारे ३४५ किलो एवढीच तिची क्षमता आहे. तीन प्रौढांचे २१० किलो धरले, तर उरतात १३५. टपावरचा तंबू ५०-६० किलोंचा आणि लोखंडी बंपर ३०-४० किलोंचा असतो. ते बसवल्यावर तिघांच्या बॅगा, पाणी, बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या म्हणजे चेन, फावडे आणि शिधा यांसाठी जेमतेम ४०-५० किलो शिल्लक राहतात. त्यातही टपावरचे वजन सर्वांत वाईट. जिम्नी उंच आणि अरुंद आहे. तिच्या डोक्यावर भार टाकून वर लिफ्ट किट बसवला, तर बर्फाळ वळणावर ज्या स्थैर्याची गरज असते तेच आपण घालवून बसू. टपाची भारमर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती वाचली, की तंबूचा विचार बहुधा आपोआप मागे पडतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केले. गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना दिली होती. अशा बदलांमुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, हे घरापासून दोन हजार किलोमीटरांवर असताना विशेष महत्त्वाचे ठरते.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते टायरवर करावेत, मात्र मूळ मापाच्याच. मड टेरेन टायरचे मोठे, कडक ठोकळे चिखलात उपयोगी पडतात, पण कडक गोठलेल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. त्यापेक्षा सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी असलेले ऑल टेरेन टायर घ्यावेत आणि शक्य असल्यास तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह बाजूवर असलेले निवडावेत, कारण ते चिन्ह बर्फावरील चाचणीनंतरच मिळते. नुसते ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल व बर्फ) लिहिलेले असणे हा उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. टायरच्याच मापाच्या चेन सोबत असू द्याव्यात आणि त्या चढवण्याचा सराव पुण्यातच, घरासमोर, हातमोजे घालून तीन-चार वेळा करावा. कोणत्या चाकांना चेन लावायच्या हे माहितीपुस्तिकेत पाहावे, थोडे अंतर गेल्यावर उतरून त्या पुन्हा ताणाव्यात, वेग ताशी ४० किलोमीटरांच्या आत ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच काढून टाकाव्यात.

फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी निघते आणि चढते, पण थांबण्यासाठी त्याचा काहीही उपयोग होत नाही. उतारावर लो रेंज (कमी वेगाची, जास्त जोराची फोर व्हील स्थिती) आणि पहिला-दुसरा गिअर यांच्या आधारेच उतरावे. जिम्नीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नाही; म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘४एच’ (नेहमीच्या वेगाचा फोर व्हील ड्राइव्ह) वापरल्यास यंत्रणेवर ताण येतो; सावलीतला बर्फ संपून ऊन लागलेला रस्ता आला, की पुन्हा ‘२एच’वर, म्हणजे दोन चाकांच्या ड्राइव्हवर यावे.

खरी काळजी घ्यायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची. आपल्याकडे उन्हाळ्यात गॅरेजवाले कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, साधे पाणी ओततात. माझ्याही गाडीत एकदा असे झाले होते आणि ते मला डोंगरात जाण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी कळले. पाणी व इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असेल, तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते. पाणी जास्त झाले, तर काझाच्या एका रात्रीत इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी कूलंट पूर्ण बदलावे. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असल्यास तीही बदलावी, कारण उणे १८ अंशांना तिची ताकद जवळजवळ निम्मी होते. आपली गाडी पेट्रोलची आहे, हे चांगलेच. मैदानी भागात भरलेले डिझेल अशा थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. टाकी ४० लिटरांचीच असल्याने किन्नौरमध्ये मिळेल तिथे ती भरून घ्यावी.

प्रश्न : मग जानेवारीत तिथे तंबूत राहावे की नाही? रात्री गाडी कशी ठेवावी?
— तेच वाचक

उत्तर : राहू नये. काझा, ताबो येथील घरांतून पाहुण्यांची सोय होते, तिथेच उतरावे. तंबूचा आनंद पहिल्यांदा भंडारदऱ्याला घ्यावा आणि स्पितीत घ्यायचाच असेल, तर तो जून-सप्टेंबरमध्ये. चहापुरता स्टोव्ह नेणार असाल, तर प्रोपेनमिश्रित गॅसचा डबा घ्यावा, कारण ब्यूटेनची शून्य अंशाच्या आसपास वाफच होत नाही. मात्र बंद गाडीत किंवा तंबूत स्टोव्ह वा शेगडी कधीही पेटवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. बर्फात अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू ठेवावे लागले, तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ फावड्याने काढावा.

रात्री हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवेचा दाब मोजावा. पुण्यातला आकडा तिथे जुळत नाही, कारण थंडीने दाब उतरतो आणि उंचीमुळे तो काहीसा वाढलेला दिसतो.