मागास भागासाठी रोजगाराचं आणि नव्या उद्योगांचं टार्गेट कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय की एका मागास वस्तीच्या विकास आराखड्यात 'तीन वर्षांत एवढ्या नोकऱ्या, एवढे नवे उद्योग' असा आकडा टाकायचाय, तो आणायचा कुठून. मी काही वर्षं अशाच योजनांचे आकडे गोळा करायचं काम केलंय, त्यामुळे आधी खरं काय होतं ते सांगतो. निधी इतका, माणशी खर्च इतका, भागाकार केला की टार्गेट तयार, आणि मग त्याला शोभेल असं कारण शोधायला बसायचं. हे करू नका.

सुरुवात बेसलाइनपासून, म्हणजे योजना सुरू होण्याआधीच्या परिस्थितीच्या आकड्यांपासून करा, पण नुसता बेरोजगारीचा दर उचलून आणू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत आठवड्यात पैसे घेऊन एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, आणि ज्याने कंटाळून काम शोधणंच सोडलंय तो बेरोजगारांत येतच नाही. मागास भागात नेमकी हीच माणसं जास्त असतात ना! म्हणजे लोक थकून घरी बसले तरी बेरोजगारी कमी झालेली दिसते. त्यापेक्षा कामाच्या वयातले एकूण किती, त्यातले कामावर किती आणि आठवड्याला किती तास, हे घ्या.

मग प्रश्न येतो की नोकरी मिळणार कोणाला. ब्रिटनमध्ये १९८१ पासून एंटरप्राइज झोन काढले, करात सूट वगैरे, तर बऱ्याच कंपन्या जवळपासच्याच भागातून उठून झोनमध्ये आल्या. झोनच्या हिशोबात नोकऱ्या नव्या, पण शेजारच्या भागात तेवढ्याच कमी झाल्या. फ्रान्सने १९९७ ला असे करमुक्त शहरी विभाग केले तेव्हा सवलतीला अट घातली की कामगारांपैकी किमान एक पंचमांश स्थानिक रहिवासी हवेत, पुढे तो हिस्सा एक तृतीयांश केला. म्हणजे टार्गेट 'भागात ५०० नोकऱ्या' असं नको, 'भागातल्या इतक्या रहिवाशांना काम' असं हवं. आणि त्यातूनही जे योजना नसती तरी कामाला लागलेच असते ते वजा करायचे. ही वजाबाकी कोणालाच आवडत नाही कारण आकडा एकदम बारीक दिसायला लागतो, पण खरा तोच.

उद्योगांच्या बाबतीत तर मी हात पोळून घेतलेत. आमचं टार्गेट होतं नवीन नोंदण्यांचं, ते मुदतीच्या आधीच पूर्ण झालं, सगळे खूश. वर्षभराने मला यादी देऊन फोन करायला बसवलं. अर्धे नंबर बंद, आणि एक बाई म्हणाल्या, 'कुठला उद्योग? त्या दिवशी शिलाई मशीन मिळणार म्हणून सही केली होती की मी.' त्यांचं नाव वेगवेगळ्या ट्रेनिंगखाली तीनदा होतं, म्हणजे एक माणूस आणि तीन लाभार्थी! फसवायचा कोणाचा हेतू नव्हता हो, नोंदणी मोजली जाते म्हटल्यावर फील्डवरची पोरं नोंदणीच आणणार.

म्हणून नोंदणी मोजाच, पण टार्गेट लावा बारा महिन्यांनी धंदा चालू आहे का आणि त्यावर मालकाचं तरी पोट भरतंय का, यावर. अमेरिकेसारख्या ठिकाणीसुद्धा नव्या धंद्यांपैकी साधारण निम्मेच पाच वर्षं टिकतात, तिथे मागास भागात ऐंशी टक्के टिकतील असं लिहून देणाऱ्याला हसूच येतं. शिवाय गल्लीत पाच न्हावी असताना सहावा उभा केलात तर पाचांचंच गिऱ्हाईक वाटलं जाणार, बाहेरून पैसा येत नाही. बाहेर माल किंवा सेवा विकणारे किती, हा वेगळा कॉलम ठेवा.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. ज्याला बरी नोकरी लागते तो बऱ्याचदा पहिली संधी मिळताच तिथून घर हलवतो आणि त्या खोलीत दुसरं अडचणीतलं कुटुंब येतं. योजना चांगली चालली तरी भागाचा रोजगाराचा दर जागचा हलत नाही आणि सगळे म्हणतात पैसे वाया गेले. त्यामुळे दोन आकडे ठेवा, एक भागाचा आणि एक माणसांचा, जे सुरुवातीला यादीत होते ते आता जिथे कुठे राहत असतील तिथे काय करतायत. यासाठी त्यांच्यासोबत नातेवाइकाचाही एक नंबर घेऊन ठेवा, नाहीतर वर्षाने माझ्यासारखे बंद फोन लावत बसाल.

टार्गेटचे तीन सारखे भाग पण करू नका. पहिलं वर्ष माणसं शोधण्यात आणि विश्वास बसवण्यातच जातं, तेव्हा त्या वर्षीचा आकडा अगदी छोटा ठेवा आणि वरून प्रश्न आला तर बेसलाइनचा कागद पुढे करा.