आधी नाणी, बाकी नंतर

अरे, नाण्यांची जादू शिकायची म्हणून ऑनलाइन शेल-बिल (दुसऱ्या नाण्यावर टोपीसारखं बसणारं पोकळ नाणं) मागवायची घाई करू नकोस. सांगलीत चहाच्या टेबलावर अमेरिकन हाफ डॉलर काढलास, तर लोक जादू सोडून नाणंच तपासत बसतात. आपलं दहाचं घे: 27 मिलिमीटर, 7.71 ग्रॅम, तळव्यात छान बसतं. विसाचंही तेवढंच रुंद, पण बारा कोनांचं आणि 8.54 ग्रॅमचं, कोरड्या हाताला तेच बरं. रुपया फार लहान, हलका.

चार नाणी घे, सगळी सारखीच झिजलेली निवड. एक चकचकीत असलं की नजर तिथंच जाते. मग दोन नाणी तळव्यात धरून हात हलव. किणकिण ऐकू आली, तर आधी पकड सुधार. नाणी काढायला मऊ कापडी बटवा पुरतो. चेनवाला नको, बोटं अडकतात.