संकरित गाई: टक्के, वंश आणि फरक (वाचकांचे प्रश्न)

निपाणीपासून अथणीपर्यंतच्या वाचकांच्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. गोठ्यातील दोन संकरित गाईंच्या दुधात फरक पडला की तो सगळा रक्ताचाच, असे धरले जाते. म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे.

माझ्या कालवडीच्या नोंदीत ७५ टक्के एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) लिहिले आहे. ते नेमके असते का? (निपाणी)

नाही, ती सरासरी आहे. ५० टक्के आईकडून वासराला एचएफचे किती जनुके येतील हे नशिबावर असते, त्यामुळे सख्ख्या बहिणींतही प्रत्यक्ष प्रमाण वेगळे निघते.

व्यापारी म्हणतो, आई २८ लिटर देत होती, कालवडही देईल. (चिकोडी)

या एका वाक्यावर हजारो रुपये जादा मोजले जातात, याचे वाईट वाटते. वेतातील दुधाची आनुवंशिकता (गाईगाईंतील फरकात जनुकांचा वाटा) ०.२५ धरली आणि आई त्याच गोठ्यातील सोबतच्या गाईंपेक्षा वेताला १००० लिटर जास्त देत असली, तरी मुलीला आईची निम्मीच जनुके मिळत असल्याने आईच्या नोंदीवरून मुलीकडून सरासरीपेक्षा १२५ लिटरच जास्त अपेक्षित धरता येतात. शिवाय ते २८ लिटर कोणत्या वेतात, व्याल्यानंतर कितव्या महिन्यात आणि कोणत्या खुराकावर, हे व्यापारी सांगत नाही. लेखी दूधनोंद पाहिल्याशिवाय आणि पशुवैद्यकांना गाय दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये.

पहिल्या संकराच्या गाई उत्तम निघाल्या, पण त्यांना संकरित वळूच लावल्यावर पुढची पिढी कमी-जास्त निघाली. रेत खराब होते का? (खानापूर)

रेताला दोष देण्याची घाई नको. पहिल्या पिढीत संकर-जोम (दोन जातींच्या संकरामुळे मिळणारी जादा ताकद) पूर्ण असतो, आपापसांत पैदास केल्यावर तो सरासरीने निम्मा राहतो. शिवाय पहिल्या पिढीतील प्रत्येक वासरात जनुकांचा एक संच एचएफचा आणि एक गावठीचा असतोच. दुसऱ्या पिढीत ते संच फुटून नव्याने जुळतात, म्हणून फरक वाढतो. पुढचा वळू कोणता, हे तालुक्याच्या पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे.

चारशे संकरित गाईंच्या नोंदींवरून दुधाची आनुवंशिकता ०.६ आली. प्रबंधात लिहू का? (बेळगाव, पदव्युत्तर विद्यार्थी)

अजिबात लिहू नका. दुधासाठी हा आकडा संशयास्पद उंच आहे. आपण ५०, ७५ आणि ८७.५ टक्क्यांच्या गाई एकाच गटात घातल्या आहेत, त्यामुळे दोन जातींच्या सरासरींतील अंतर आणि संकर-जोम हे दोन्ही आनुवंशिक विचरणाच्या (जनुकांमुळे पडणाऱ्या फरकाच्या) खात्यात जमा झाले. त्यात जास्त टक्क्यांच्या गाई बहुधा चांगला खुराक देणाऱ्या गोठ्यांतच असतात, म्हणजे सरकी पेंडीचे श्रेयही जनुकांना मिळाले. प्रत्येक गाईचे जातीचे प्रमाण आणि संकर-जोमाचा अंश प्रारूपात (हिशेबाच्या गणिती मॉडेलमध्ये) स्वतंत्र घाला, एकाच गोठ्यात एकाच हंगामात व्यालेल्या गाईंचीच आपसांत तुलना करा, आणि प्रत्येक वळूच्या मुली अनेक गोठ्यांत विखुरलेल्या आहेत ना, हे तपासा. एवढे केल्यावरही चारशे नोंदींवरील अंदाजाची प्रमाणत्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचे माप) मोठी असेल. ती आकड्याशेजारी छापा.

खरा घोर मात्र याच्या आधीचा आहे. आपण पाठवलेल्या वहीच्या छायाचित्रात वडिलांच्या रकान्यात ओळीने ‘डॉक्टरांनी भरली’ असे लिहिलेले आहे. रेतकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, आणि रेतन झाल्यावर ती कांडी गोठ्याच्या उकिरड्यात जाते! ती पुसून वहीत चिकटवायला वेळ लागत नाही, पण बाप हरवला की कोणतेही संगणकप्रारूप तो शोधून देत नाही. सीमेवर आणखी एक अडचण आहे: गडहिंग्लजकडून आणलेल्या गाईला इकडे कानात नवा बिल्ला मारला जातो आणि आधीच्या वेतांच्या नोंदी पुसल्या जातात. बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक देशभर एकच चालतो; तो जपावा. संख्याशास्त्राच्या मार्गदर्शकांकडे माहिती गोळा करण्यापूर्वी जावे. सगळे संपल्यावर गेल्यास त्यांच्याही हाती फारसे उरत नाही.

एका वळूच्या पाच मुली चांगल्या निघाल्या. त्याचेच रेत वापरत राहू का? (हुक्केरी)

पाच मुलींवरून वळूच्या अंदाजाची विश्वासार्हता (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) जेमतेम ०.२५ येते, पंधरा मुलींवर ०.५, साठ मुलींवर ०.८, तेही मुली वेगवेगळ्या गोठ्यांत असतील तर. तोवर गावभर एकच वळू नको, नाहीतर पुढे त्याच्याच मुलींना त्याचेच रेत भरले जाईल.

खिल्लार गाईला एचएफ भरावी का? (अथणी)

शुद्ध खिल्लार असेल तर भरू नये. नोंद दाखवून आधी पशुवैद्यकांचे मत घ्यावे.