'लीबफ्राउमिल्श' : प्रकार की ब्रँड, आणि त्यामागची हेटाळणी

'लीबफ्राउमिल्श' हे एखाद्या ब्रँडचे नाव आहे की वाइनच्या प्रकाराचे, आणि कोशात 'जर्मन पांढरी वाइन' एवढाच साधा अर्थ असताना जाणकार हा शब्द नाक मुरडून का उच्चारतात, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

आज ते प्रकाराचे नाव आहे. 'ब्लू नन' आणि 'ब्लॅक टॉवर' हे त्या प्रकारातले एके काळी गाजलेले ब्रँड. मुळात मात्र ते एका जागेशी बांधलेले नाव होते. ऱ्हाइनकाठच्या वर्म्स शहरात मेरीमातेचे 'लीबफ्राउएनकिर्शे' नावाचे चर्च आहे, आणि त्याला लागून असलेल्या मळ्यांतली वाइन अठराव्या शतकापासून 'मेरीमातेचे दूध' या अर्थाच्या नावाने विकली जाई. 'मिल्श' हे 'साधू' या अर्थाच्या जुन्या शब्दाचे अपभ्रष्ट रूप असावे, असेही काही जण मानतात; पण ग्राहकाला भुरळ पडली ती दुधाचीच.

नाव गाजले, तसे शेजारपाजारचे व्यापारीही ते वापरू लागले. चर्चचे मळे काही हेक्टरांपुरते, तर मागणी परदेशापर्यंत पोचलेली. त्यामुळे विसाव्या शतकात हे नाव ऱ्हाइनकाठच्या कोणत्याही बऱ्या वाइनला लावण्याची मुभा मिळाली आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आजच्या नियमांनुसार ऱ्हाइनहेसन, फाल्त्स, नाहे आणि ऱ्हाइनगाउ या चार प्रदेशांतली द्राक्षे चालतात, आणि रीसलिंग, सिल्व्हानर, म्युलर-थुरगाउ व केर्नर या द्राक्षजाती मिळून किमान 70 टक्के असल्या की पुरे. या यादीत रीसलिंग या मानाच्या द्राक्षजातीचे नाव असले, तरी तिचा वाटा किती असावा याचे बंधन नाही. साहजिकच भरघोस पीक देणाऱ्या आणि लवकर पिकणाऱ्या म्युलर-थुरगाउने बाटली भरू लागली. गोडवाही बहुधा द्राक्षातून टिकवलेला नसे. बाटल्या भरण्यापूर्वी न आंबवलेला द्राक्षरस मिसळून तो आणला जाई. ही सोय बेकायदेशीर नव्हती, पण माझ्या मते नावाची पत खरी गेली ती इथेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये, वाइन नव्याने पिऊ लागलेल्यांना ही स्वस्त, गोडसर वाइन फार मानवली. पुढे लोकांची जीभ कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाइनकडे वळली. 1985 मध्ये ऑस्ट्रियातील काही वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले, भेसळीचे धागे जर्मनीतल्या काही बाटल्यांपर्यंत पोचले आणि आधीच डळमळलेल्या नावाला आणखी एक धक्का बसला.

त्यामुळे अनुवादकाने मूळ मजकुराचा काळ अवश्य पाहावा. एकोणिसाव्या शतकातल्या मेजवानीत लीबफ्राउमिल्श आली असेल, तर ती यजमानाचा थाट दाखवते. 1980 नंतरच्या ब्रिटिश कथेत तीच बाटली बहुधा यजमानाची अभिरुची बेतास बात असल्याचे सुचवते, आणि दोन्हीकडे नुसते 'पांढरी वाइन' लिहिले तर तो इशारा मराठी वाचकापर्यंत पोचतच नाही.