डिस्चार्ज कार्डाचं दुसरं पान

"आईला घरीच ठेवलं असतं तर हे झालं नसतं ना?"

हा प्रश्न घेऊन आलेल्या ताईंची आई ८१ वर्षांची. हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याचं जुनं दुखणं, राहणं वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात. दोन महिन्यांत तीनदा हॉस्पिटल झालं होतं आणि तिन्ही वेळा धाप लागून, रात्रीच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताईंना वाटत होतं, आपण आईला टाकलं म्हणून ती खचतेय. अशा वेळी नुसता धीर दिला तर तो पुढच्या अँब्युलन्सपर्यंतच पुरतो. म्हणून आधी कागद काढायला सांगितले.

दुसऱ्या डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावर एक ओळ होती: क्रिएटिनिन वाढल्याने लघवीची गोळी तूर्त बंद, तीन दिवसांनी रक्त तपासून पुन्हा सुरू करण्याबाबत ठरवावे. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारा रक्तातला आकडा, आणि लघवीची गोळी शरीरातलं जास्तीचं पाणी बाहेर काढते. केंद्राने गोळी बंद केली. पण रक्त कोणी काढायचं, रिपोर्ट कोणाला दाखवायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तपासणी राहून गेली. त्यात गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन सुरू झालं. या जातीच्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. आधी पायांवर सूज आली, मग फुप्फुसात पाणी. वजन महिन्यातून एकदाच व्हायचं, त्यामुळे हे साठणारं पाणी कोणाच्या नजरेलाच आलं नाही.

म्हणजे आई तिथे राहते म्हणून आजारी पडत नव्हती. हॉस्पिटल आणि केंद्र यांच्यामध्ये एक काम गळून पडलं होतं. हे कळल्यावर ताई रडल्या, पण नंतर वही काढून लिहायला बसल्या.

पहिलं काम औषधांचं. ॲडमिट होण्यापूर्वीची यादी, डिस्चार्जची यादी आणि आज प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या गोळ्या, या तिन्ही परतल्याच्या दिवशीच नर्ससोबत शेजारी ठेवून बघायच्या. जिथे फरक दिसेल तिथे कारण लिहून घ्यायचं. बंद केलेल्या गोळीपुढे 'कायमची' की 'तात्पुरती' हे हवं. तात्पुरती असेल तर तारीख आणि जबाबदार माणसाचं नावही हवं.

दुसरं, वजन. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर आणि साधारण तितक्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर धापेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दुपारी घेतलेल्या वजनाची सकाळच्या वजनाशी तुलना केली की आकडा फसवतो, आणि दोन-तीनदा फसवला की कर्मचारी वजन घेणंच सोडून देतात.

सर्वांत आधी बदल जाणवतो तो अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना. आज अर्धंच जेवल्या, बोलत नाहीत, उशी वाढवून मागितली. पण त्यांचं म्हणणं नर्सपर्यंत पोचेलच असं नाही. शुश्रूषा केंद्रातून हॉस्पिटलच्या टाळता येण्याजोग्या फेऱ्या कमी करण्यासाठी अमेरिकेत इंटरॅक्ट नावाची पद्धत आहे, तिच्यात यासाठी 'स्टॉप अँड वॉच' नावाचं छोटं कार्ड आहे, बदल दिसला की मदतनीस त्यावर खूण करून नर्सला देतो. साधी वहीही चालते, फक्त ती प्रत्येक पाळीत नर्सने वाचली पाहिजे.

फोनचंही तसंच. "आजी बऱ्या नाहीत" एवढंच ऐकल्यावर रात्रपाळीचा अनोळखी डॉक्टर "पाठवून द्या" म्हणणारच. बदल कधीपासून, एरवी कशा असतात, नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ऑक्सिजन, ताप, वजन हे समोर घेऊनच फोन लावला, तर गोळीचा डोस बदलून आणि सकाळी पुन्हा तपासून भागू शकतं. छातीत दुखणं, एक बाजू अचानक लुळी पडणं, बसूनही न थांबणारी धाप, पडून हाड मोडल्याची शंका, अशा वेळी मात्र थेट हॉस्पिटल. तिथे चर्चेत वेळ घालवू नये.

शेवटी एक अवघड कागद निघाला. प्रवेशाच्या वेळी ताईंनीच लिहून दिलं होतं: काहीही झालं तरी हॉस्पिटलमध्ये हलवा. भीतीपोटी लिहिलेलं, त्यात चूक काही नाही. पण त्यामुळे कर्मचाऱ्यांना थांबून तपासायला जागाच उरली नव्हती. आईचं भान उत्तम होतं, तरी तिला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांसमोर तो विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "दम लागला तर न्या. सुजेसाठी इथेच बघा, रात्रीचं हलवू नका."

जुन्या ओळीवर काट मारून ताईंनी आईचे शब्द जसेच्या तसे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले. खाली आईची सही, डॉक्टरांची सही, तारीख.