वादळ अमेरिकेत, कापूस आपल्या अंगणात

प्रश्न : अमेरिकेत हरिकेन आले की कापसाचा भाव चढतो, असे जिनिंगवर ऐकतो. वादळाने तिकडे नेमके काय होते?
– एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : १० ऑक्टोबर २०१८ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘मायकेल’ वादळ पुढे जॉर्जियात शिरले, तेव्हा तेथील बोंडे फुटून वेचणीला आली होती, वाऱ्याने कापूस ओरबाडून मातीत लोळवला आणि झाडाला रिकामी नखे (बोंडांची टरफले) तेवढी उरली. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर अवकाळीने भिजलेली पऱ्हाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कापूस पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. पण पिकॅनच्या (अक्रोडासारख्या कवचफळाच्या) उन्मळलेल्या बागा पुन्हा फळाला यायला अनेक वर्षे लागतात. लाखो एकर जंगल आडवे झाल्याने वाळलेल्या लाकडाला वणव्याचे भय राहिले, तर किनाऱ्यावरच्या मेक्सिको बीच या गावातील बहुतेक घरे मोडल्यामुळे लोकांना बिऱ्हाड अन्यत्र हलवावे लागले.

भावाचे म्हणाल, तर अमेरिका कापसाची मोठी निर्यातदार असल्याने अशा बातमीने वायदेबाजार हलतो खरा. परंतु टेक्साससारख्या मोठ्या कापूसपट्ट्यातील पीक, ब्राझीलचे उत्पादन आणि चीनची मागणी यांचे वजन एका वादळाहून जास्त असते. तेवढ्यासाठी कापूस घरात दाबून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.