दीपगृह ‘पाहिले’ असे केव्हा म्हणावे?

प्रश्न : सुट्टीत कोकणात गेलो की वाटेतले दीपगृह पाहून यायचे आणि वहीत त्याची नोंद करायची, असा माझा बारा वर्षांचा शिरस्ता आहे. वहीत आज नऊ नावे आहेत. यंदा दिवाळीत माझा पुतण्या अमेरिकेहून आला होता. तिकडे दीपगृहप्रेमींची एक संस्था ‘पासपोर्ट’ देते आणि तो त्यात ठिकठिकाणचे शिक्के घेतो. माझी वही चाळून त्याने तीन नावे खोडायला सांगितली. खांदेरीला मी थळहून होडीने गेलो, पण समुद्र खवळल्यामुळे बेटावर उतरता आले नाही. मुंबईचे प्राँग्स मांडव्याच्या बोटीतून दुरूनच पाहिले. कोर्लईला पायथ्याशी पोहोचलो, पण वर सोडण्याची वेळ टळून गेली होती. दीपगृहाला भेट दिली असे म्हणायला वर चढलेच पाहिजे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वर चढण्याची अट मला मान्य नाही. बरीच दीपगृहे लोकांसाठी उघडीच नसतात, काही ठरावीक वेळेपुरती उघडतात, आणि दाराला कुलूप असणे हा पाहणाऱ्याचा दोष धरता येत नाही. तरीही आपली वही मी तशीच मान्य करणार नाही. पुतण्याने जी सहा नावे राहू दिली, तीसुद्धा पुन्हा तपासावीत असे मी सुचवीन.

चढल्याने काय हाती लागते ते आधी पाहू. गोल जिना संपला की लोखंडी शिडी लागते आणि तिच्यावर दिव्याची खोली असते. तिथे पितळी चौकटीत बसवलेल्या काचेच्या कड्यांचे उंच भिंग असते आणि त्याच्या पोटात मुठीत मावेल एवढा बल्ब असतो. एवढ्याशा दिव्याचा उजेड कित्येक मैलांवर जातो, हे त्या खोलीत उभे राहूनही खरे वाटत नाही. मात्र दिवसा भोवतीचे पडदे ओढलेले असतात, कारण सूर्याची किरणे त्याच भिंगातून उलट आत शिरून एका जागी एकवटली तर आतले सामान जळू शकते. लोकांना साधारणपणे सूर्यास्तापूर्वी खाली उतरवतात. म्हणजे वर जाऊन आलेल्या बहुतेकांनी दीपगृह झोपलेलेच पाहिलेले असते.

रात्री पायथ्याशी थांबल्यानेही काम होत नाही. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांनी घडवलेले भिंग १८२३ साली फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहात बसले, आणि आजही जिथे काचेची मोठी भिंगे आहेत तिथे तीच युक्ती चालते. दिव्यातून वर आणि खाली वाया जाणारा प्रकाश काचेची कडी वळवतात आणि तो सारा क्षितिजाच्या दिशेने आडवा पाठवतात. त्यामुळे पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून फिकट पट्टे सरकताना दिसतात आणि त्याच्या पायाखाली मात्र काळोखच असतो. दिवा पाण्यापासून ४० मीटर उंच असला तर त्याचे क्षितिज सुमारे साडेबावीस किलोमीटरवर असते. प्रकाश तिथवरच्या माणसासाठी आहे, बुरुजाला टेकून उभ्या असलेल्यासाठी नाही.

मला हे कळले ते कोर्लईमुळे. एका डिसेंबरात मी दुपारी दीपगृह पाहिले, भिंगापर्यंत गेलो, फोटो काढले आणि समाधानाने रेवदंड्याला मुक्कामाला आलो. रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर गेलो, तेव्हा खाडीच्या मुखापलीकडे डोंगराच्या काळ्या आकृतीशी एक ठिणगी पेटली आणि विझली. ओल्या वाळूवर क्षणभर चमक उमटली. मी मनात आकडे मोजू लागलो, आणि प्रत्येक वेळी त्याच आकड्याला दिवा परत आला. दुपारी हाताच्या अंतरावर असलेली वस्तू काय काम करते, ते मला त्या रात्री पहिल्यांदा दिसले.

हे मोजणे म्हणजे नुसता छंद नाही. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते आणि खलाशी तिच्यावरूनच कोणता दिवा ते ओळखतो. दिवसा हेच काम बुरुजाचा आकार आणि रंग करतात. प्राँग्सवरचे तांबडे, पांढरे आणि काळे पट्टे शोभेसाठी काढलेले नाहीत, ती त्याची दिवसाची ओळख आहे.

म्हणून माझी कसोटी अशी : दिवसा जाता येईल तितके जवळ जावे, आणि रात्री पुरेसे लांब राहून त्याची उघडझाप निदान चार-पाच वेळा मोजावी. दोन्ही झाले की भेट पुरी झाली, मग जिना चढलेला असो वा नसो.

या कसोटीने आपले कोर्लई निम्म्याहून अधिक झालेलेच आहे. एक रात्र रेवदंड्याला राहिलात तर ते बिनदिक्कत वहीत राहील. खांदेरीचे दीपगृह १८६७ चे आहे आणि दक्षिणेकडून मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी ते उभारले गेले. होडीतून, हेलकावे खात आपण ते पाहिले, म्हणजे ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांच्याच जागेवरून पाहिले. बेटावर पाय लागला नाही म्हणून ते नाव खोडणे मला अन्यायाचे वाटते. थळच्या किनाऱ्यावरून एकदा त्याचा दिवा मोजून घ्यावा.

प्राँग्सच्या बाबतीत मात्र मी पुतण्याच्या बाजूचा आहे. १८७५ साली बांधलेले हे दीपगृह कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येते, पण वाट नौदलाच्या हद्दीतून असल्यामुळे आपल्याआमच्यासाठी ती बंदच म्हणायची. तरी मांडव्याच्या बोटीतून दिवसाउजेडी ओझरते दिसणे फारच थोडे झाले. रंगांचे पट्टे वेगळे ओळखता आले होते का, हे आठवून पाहावे. आले नसतील, तर तूर्त ते नाव पेन्सिलीने लिहावे.

शिक्क्यांना मी कमी लेखत नाही. पण तिकडे काही ठिकाणी शिक्का दीपगृहात नसून जवळच्या संग्रहालयात किंवा दुकानात मिळतो, हे आपला पुतण्याही जाणत असेल. त्याच्या पासपोर्टातल्या किती दिव्यांची उघडझाप त्याने मोजली आहे, हे प्रेमाने विचारावे.

प्रश्न : गोव्यात आग्वादच्या किल्ल्यातले जुने दीपगृह पाहिले. ते बंद पडलेले आहे. त्याची गणना करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करावी, पण वेगळ्या रकान्यात. ते १८६४ चे आहे. १९७६ साली जवळच नवे दीपगृह उभे राहिले आणि जुने विझले. विझलेल्या दिव्याची रात्र कोणालाच पाहता येत नाही, त्यामुळे तिथे जवळून पाहणे एवढीच भेट शक्य आहे आणि ती आपण दिली आहे. वहीत ‘आग्वाद, जुने, दिवा बंद १९७६’ असे लिहावे. नवे दीपगृह मात्र जुन्याच्या नावाखाली मोजू नये. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर अंधार पडेपर्यंत बसावे लागेल.